होडीवर नेण्याआधी प्रत्येक वस्तूचे तास मोजा

पत्र: आमची २६ फुटी फायबरची शिडाची होडी मांडवीत ब्रिटोनापाशी बोयाला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला, बांधलेली असते. आम्ही नवरा-बायको शनिवार-रविवार तिच्यावर राहतो. नाताळानंतर चार दिवसांसाठी मालवणला जाऊन यायचा बेत आहे. होडीवर १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी आणि १०० वॉटचं एक सोलर पॅनेल आहे. शोरूममध्ये फिरून छोट्यात छोट्या वस्तूंची यादी केली आहे: ५० लिटरचा मिनी फ्रिज, एका चुलीचं इंडक्शन, ७५० वॉटचा मिक्सर, इलेक्ट्रिक किटली, छोटा आरओ आणि टेबल फॅन. सगळं एका इन्व्हर्टरवर चालवायचं असं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, 'मिनी' आहे म्हणजे वीज कमीच खाणार. यातलं काय घ्यावं आणि काय नको? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर: पैसे भरण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू होडीवर एक तर बॅटरी रिकामी करेल, नाही तर दोन मोसमांत गंजून जाईल. तिच्याऐवजी घ्यायच्या वस्तू कमी आहेत आणि साध्याही आहेत.

दुकानदाराचं 'मिनी' हे आकाराबद्दल आहे. होडीवर त्याआधी दोन आकडे विचारायचे असतात: वस्तू एका वेळी किती अँपिअर ओढते, आणि दिवसात किती तास ओढते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे अँपिअर-अवर. हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत तर हिशेब उलटा होतो. तुमचा ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर ओढतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण वाटण दोन मिनिटांत होतं आणि खर्च होतात जेमतेम अडीच अँपिअर-अवर. फ्रिज ओढतो चारच अँपिअर, पण दिवसाचे दहा-बारा तास. म्हणजे चाळीस ते पन्नास अँपिअर-अवर. मिक्सरमुळे बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. बॅटरी मात्र रिकामी होते ती फ्रिजमुळे. दोन्ही त्रास वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

आता तुमच्या होडीचा हिशेब. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून १०० मधले वापरायचे ५० च. १०० वॉटचं पॅनेल गोव्यात ऑक्टोबर ते मे या काळात, त्यावर डोलकाठीची किंवा बूमची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याची, सावली पडत नसेल, तर दिवसाला साधारण २८ अँपिअर-अवर देतं. जहाजी रेडिओ आणि जीपीएससाठी ८, दिव्यांसाठी ४, नांगर टाकल्यावर रात्रभर लावायच्या नांगर-दिव्यासाठी २, दोन छोट्या पंख्यांसाठी ६, फोनसाठी ४ धरा. एकूण २४. म्हणजे फ्रिज नसेल तर तुमची होडी आज आहे तशीच स्वयंपूर्ण आहे. पॅनेल जेवढं देतं तेवढ्यात सगळं भागतं आणि थोडं उरतंही.

त्यात १२ व्होल्टचा चांगला फ्रिज घातला की ४० वाढले, खर्च ६४ वर गेला, रोजची तूट ३६. पन्नासाची शिल्लक दुसऱ्या दिवशीच संपते. मालवणला पोचाल त्या रात्री बॅटरीत जीव असेल. दुसऱ्या रात्री नांगर-दिवा मंद व्हायला लागेल, आणि तो दिवा मंद होणं हा जिवाशी खेळ आहे, कारण रात्रीचे मच्छीमार ट्रॉलर त्याच दिव्यावरून तुम्हाला ओळखतात.

यादीतला ५० लिटरचा मिनी फ्रिज तर याहून वाईट. तो २२० व्होल्टवर चालतो, म्हणून इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागतो. हजार वॉटचा इन्व्हर्टर काहीच जोडलेलं नसताना नुसता जागा राहण्यासाठीच पाऊण-एक अँपिअर खातो. दिवसाचे वीसेक अँपिअर-अवर पाण्यात, फ्रिज थंड व्हायच्या आधीच! शिवाय त्याचं दार पुढून उघडतं. थंड हवा जड असते, दार उघडलं की ती पायांवर सांडते आणि आत गरम हवा शिरते. होडी कलली की दार आपोआप उघडून दुधाची पिशवी केबिनच्या लादीवर येते, ते निराळंच. आणि पत्र्याचं अंग. पावडर कोटिंग कितीही चांगलं असलं तरी खारी हवा रिव्हेटच्या कडेनं आत शिरते आणि रंगाखाली फुगे धरते.

मग फ्रिजचं काय? आमचं स्पष्ट मत: या मोसमात फ्रिज घेऊच नका, बर्फाची पेटी घ्या. गोव्यात बर्फ ही अडचण नाही. मालीमच्या जेटीवर मासेमारीच्या होड्यांना बर्फ लागतोच, त्यामुळे बेतीच्या बाजूला लाद्या मिळतात, आणि तुमची होडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. फक्त लक्षात ठेवा, ती लादी पिण्याच्या पाण्याची नसते. ती सरबतात टाकायची नाही, नुसती गारवा धरण्यासाठी.

पेटी घेताना लिटर बघण्याआधी भिंतीची जाडी बघा. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-अवर उष्णता शोषतो. ४० लिटरच्या पेटीला सगळीकडून ५ सेंटिमीटर पफ (उष्णता अडवणारा फोम) असेल आणि केबिन ३२-३३ अंशांवर असेल, तर नुसत्या भिंतींतून दिवसाला साडेतीन किलो बर्फ जातो. झाकण उघडणं आणि आत ठेवलेलं गरम सामान धरून पाच किलो. म्हणजे १० किलोची लादी दोन दिवस. जाडी दुप्पट केली तर भिंतींतून होणारा खर्च निम्म्यावर येतो. सहलीसाठी मिळणाऱ्या रंगीत पेट्यांची भिंत बऱ्याचदा दोन-अडीच सेंटिमीटरच असते आणि झाकण तर आतून पोकळ. झाकण बोटानं वाजवून बघा. ढोल वाजला तर ती पेटी ठेवून द्या.

भरण्याची पद्धत निम्मं काम करते. आदल्या रात्री पेटीत दोन-तीन किलो बर्फ टाकून झाकण लावून ठेवा, म्हणजे पेटीचं अंग आधी गार होईल. सकाळी तो काढून टाका. घरच्या फ्रीझरमध्ये दोन लिटरच्या चार बाटल्या काठापासून चार बोटं रिकाम्या ठेवून गोठवा. त्या तळाशी आडव्या लावा. त्यांवर लादी. मोठा तुकडा सावकाश वितळतो, म्हणून ती फोडून चुरा करू नका. मग डब्यात घट्ट बंद केलेली मासळी किंवा चिकन, त्यावर दूध-दही, सगळ्यात वर भाजी. उरलेल्या फटी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा, कारण आतली मोकळी हवा प्रत्येक वेळी झाकणासोबत बदलते. पेटी केबिनच्या तळाशी, इंजिनापासून आणि उन्हापासून दूर ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. वारा लागला की गोणपाटातलं पाणी उडून जाताना झाकण गार ठेवतं. बाटल्या वितळल्या की ते पाणी प्यायला होतं, तेवढं वजनही वाया जात नाही.

वितळलेलं पाणी पेटीच्या तोटीतून होडीच्या तळात सोडायची चूक बहुतेक जण करतात. त्यात दुधाचे, माशांचे थेंब असतात. दोन दिवसांत केबिनला असा वास येतो की फिनाईलनंही जात नाही. भांड्यात काढा आणि बाहेर ओता.

पुढच्या मोसमात फ्रिज घ्यायचाच असेल, तर पेटीसारखा वरून उघडणारा, ३० ते ३५ लिटरचा, थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. सेकॉपचा, म्हणजे पूर्वी डॅनफॉसच्या नावानं मिळणारा बीडी ३५ कॉम्प्रेसर ३० अंशांपर्यंत कललेल्या अवस्थेतही चालतो. तुम्हाला हे महत्त्वाचं आहे. मालवणला जाताना पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर सरळ उत्तरेला जाता येतं, पण दुपारी वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो आणि होडी तासन्‌तास वीस अंशांवर कललेली राहते. मांडवीच्या मुखावरच्या आग्वादपासून मालवण साधारण ३८ सागरी मैल, पाच नॉटच्या (तासाला पाच सागरी मैल) चालीनं साडेसात तास. त्यातले निम्मे तरी कलून जातात. गॅसवर किंवा विजेवर चालणारे बिनआवाजाचे शोषण-पद्धतीचे फ्रिज सपाट ठेवले तरच थंड होतात, म्हणून ते बाद. गाडीत लावायचे स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक कूलरही बाद. ते बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंशच खाली जातात. केबिन ३५ वर असेल तर आत सुरमई १५ ते २० अंशांत पडून राहणार. आणि ते चार-पाच अँपिअर न थांबता ओढतात, म्हणजे दिवसाला तुमची अख्खी बॅटरी.

फ्रिज घ्याल तेव्हा सोबत दुसरं १०० वॉटचं पॅनेल घ्याच. मग रोज ५६ येतात, ६४ जातात, तूट ८. चार दिवसांत ३२, म्हणजे पन्नासाच्या आत. त्यानंतर जमलं तर १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यातले ८० वापरता येतात आणि वजन लेडच्या निम्म्याहून कमी. मात्र चार्जर आणि सोलर कंट्रोलर दोन्ही लिथियमला चालणारे आहेत ना, ते तपासून मगच. घरातल्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीवर आणायचा मोह नको. होडी कलली की झाकणांतून ॲसिड गळतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो तो बंद कप्प्यात साठतो. आत्ता तुमच्याकडे पाणी घालायची बॅटरी असेल तर आधी ती बदलून सीलबंद घ्या. मिक्सर-किटलीपेक्षा हा खर्च आधी.

आता वायरचं. १२ व्होल्टच्या फ्रिजबद्दलची सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: 'बॅटरी भरलेली आहे, तरी फ्रिज सुरू होतो, दोन सेकंदांत बंद पडतो, दिवा लुकलुकतो.' दोष बहुतेक वेळा फ्रिजमध्ये नसतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, म्हणून तो स्वतःला बंद करतो. बॅटरीपासून फ्रिज चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. २.५ ची घातली तर पाव व्होल्टच्या थोडा वर. ४ ची घातलीत तर विसरून जा. वायर कलई केलेल्या तांब्याची हवी. घरात भिंतीत घालतात ती साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत टोकापासून आत काळी पडत जाते. कोट सोलून बघितलात तर हातभर आतपर्यंत काळं-हिरवं निघतं, आणि मग कितीही घट्ट बसवा, जोड तापतोच. जोडांना दाबून बसवायचे क्रिंप आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.

आणि गाडीतल्या सिगरेट-लायटरच्या सॉकेटवर फ्रिज लावू नका. दोन तास चालल्यावर तो प्लग काढून टोकाशी असलेल्या पितळी बोंडाला बोट लावून बघा, धरवणार नाही. आतली स्प्रिंग फक्त दाबून धरते, पकडत नाही. होडी हलते, संपर्क सुटतो-जुळतो, तिथे बारीक ठिणगी पडते, बोंड काळं होतं, रोध वाढतो, आणखी तापतं, आणि शेवटी सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. फिरवून लॉक होणारा प्लग बसवा किंवा वायर थेट फ्यूजमधून होडीच्या स्विच-पॅनेलला न्या. फ्रिजवर बॅटरी-रक्षणाच्या, म्हणजे बॅटरी किती उतरली की फ्रिजनं थांबायचं त्याच्या, तीन पातळ्या असतील. लेड बॅटरी असेल तर सर्वांत वरची ठेवा. फ्रिजच्या जाळीसमोर किमान दहा सेंटिमीटर मोकळं सोडा. बंद कप्प्यात ठेवलात तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि थांबायचं नाव घेत नाही.

चुलीकडे वळू. इंडक्शनचं 'लहान' मॉडेलही १२०० वॉट ओढतं. १२ व्होल्टवर ते शंभर-सव्वाशे अँपिअर झाले. आच कमी केली तरी स्वस्त शेगड्या सलग कमी ओढत नाहीत. पूर्ण ताकदीनं चालू-बंद होत राहतात. तुमची बॅटरी हे झेपवणार नाही, आणि शंभर अँपिअर-अवरची लिथियम घेतलीत तरी तिच्या आतलं संरक्षण बहुतेक वेळा शंभर अँपिअरलाच तोडतं. घरच्या १५०० वॉटच्या किटलीचं तेच. बाजारात १२ व्होल्टची १५० वॉटची किटली मिळते, तीही घेऊ नका. अर्धा लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला ४२ वॉट-अवर लागतात. म्हणजे काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी सतरा मिनिटं, प्रत्यक्षात वीस-पंचवीस. दोन कप चहासाठी एवढा वेळ साडेबारा अँपिअर वाहत ठेवायचे? गॅसवर तेच काम चार मिनिटांत होतं.

तर गॅस. पण गॅसबद्दल इथे जरा थांबून वाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात गळला तर दार-खिडकीतून, उंबऱ्याखालून निघून जातो. होडी म्हणजे बुडाशी बंद असलेलं भांडं. गळलेला गॅस तळाशी जाऊन साचतो आणि तिथेच बॅटरी असते, तळातल्या पाण्याचा पंप असतो, त्याचा आपोआप चालू होणारा स्विच असतो. एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर केबिनमध्ये कधीच नाही. एक तर कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, त्याच्यासाठी वेगळा, केबिनकडे कुठलीही फट नसलेला कप्पा हवा, ज्याच्या अगदी तळातून किमान १२ मिलिमीटरची नळी होडी कललेली असतानाही पाण्याच्या वर राहील अशा जागी बाहेर निघते. नाही तर सिलिंडर उघड्यावर, मागच्या कठड्याला बांधलेला.

२६ फुटी होडीत असा कप्पा क्वचितच असतो, आणि दोन जणांच्या शनिवार-रविवारसाठी त्याची गरजही नाही. तुमच्यासाठी २२० ग्रॅमच्या ब्युटेन कार्ट्रिजवर चालणारी एका बर्नरची शेगडी पुरेशी आहे. मध्यम आचेवर एक कार्ट्रिज दीड-दोन तास जातं. तुमचा स्वयंपाक दिवसाला पाऊण तासाचा धरला तर चार दिवसांना दोन, जवळ चार ठेवा. वापरून झालं की कार्ट्रिज शेगडीतून काढायचं आणि बाहेर कॉकपिटमधल्या भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं. ही कार्ट्रिज पत्र्याची असतात, खाऱ्या हवेत शिवणीपाशी गंजतात. गंजाचा ठिपका दिसलेलं वापरू नका. आणि शेगडीहून रुंद तवा किंवा मोठं पातेलं ठेवू नका. खालची उष्णता परतून कार्ट्रिजच्या कप्प्यावर येते, आतला दाब वाढतो. अपघात होतात ते बऱ्याचदा याच कारणानं.

पुढे मोठ्या सफरी करायच्या ठरल्या, तर ५ किलोचा सिलिंडर मागच्या कठड्याला लावता येईल. इंडेनचा ५ किलोचा कंपोझिट सिलिंडर मिळतो. तो फायबरचा असल्यामुळे गंजत नाही आणि आत किती गॅस आहे ते बाहेरून दिसतं. त्यावर चालणाऱ्या शेगडीला ज्योत विझल्यावर आपोआप गॅस बंद करणारी झडप असायलाच हवी. घरच्या काचेच्या शेगड्यांना ती बहुधा नसते, आणि होडीवर कॉकपिटमधून आलेल्या झुळकीनं ज्योत विझणं हे रोजचं आहे. प्रत्येक सफरीआधी सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर जोड गळतोय. काड्यापेटीनं कधी तपासू नका. रोज स्वयंपाक संपवताना आधी सिलिंडर बंद करा, मग नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, शेवटी शेगडीची खुंटी. गॅसचा वास आलाच, तर कुठलाही स्विच चालू नाही आणि बंदही नाही, कारण दोन्हींत ठिणगी पडते. सिलिंडर बंद, सगळी झाकणं उघडी, आणि तळाचा हातपंप मारत राहा. तो पाण्यासारखाच तळातला गॅसही बाहेर फेकतो.

शेगडीबरोबर लागतो तो कुकर. होडीवरचं सगळ्यात उपयोगी उपकरण कुठलं, असं विचारलंत तर आम्ही आतून बसणाऱ्या झाकणाचा दोन लिटरचा प्रेशर कुकर असं सांगू. होडी आडवी झाली तरी झाकण सुटत नाही, उकळतं वरण अंगावर येत नाही. उकडे तांदूळ उघड्या भांड्यात शिजायला किती वेळ घेतात ते तुम्हाला माहीत आहे. तासभर भिजवून कुकरला लावले तर गॅस निम्म्याहून कमी लागतो आणि केबिनमध्ये वाफ भरत नाही. शिट्टी होऊ देऊ नका, वाफ आली की आच अगदी बारीक करा. शेगडीच्या चारी बाजूंनी चार सेंटिमीटर उंचीची पट्टी आणि भांडं धरणारे दोन चिमटे लावून घ्या. वारा जोरात असेल तेव्हा मात्र काही शिजवू नका. पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव आणि घरून आणलेली सुकी भाजी त्या दिवसासाठीच.

भांडी आणि शेगडी स्टीलची घेताना एक खोटी परीक्षा सगळीकडे सांगतात: चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील. ३०४ प्रतीच्या स्टीलला चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ प्रतीलाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं, आणि खाऱ्या हवेत महिन्याभरात त्यावर चहासारखे तपकिरी डाग पडतात. वस्तूवर ३०४ कोरलेलं असेल आणि बिलावर लिहून मिळत असेल तरच पैसे द्या. स्क्रू-बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या असल्या तर उत्तम.

मिक्सर नकोच असं म्हणायचा मोह होतो, पण गोव्याच्या घरात वाटणाशिवाय हुमण (माशांची आमटी) कसं होणार? तरी तो होडीवर नको. वाटण घरी करा, एका जेवणाला पुरेल एवढं सपाट पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये पाट्यासारखं गोठवा आणि त्या पिशव्या पेटीत लादीला चिकटवून ठेवा. ते स्वतःच बर्फाचं काम करतं. कांदा-कोथिंबिरीसाठी दोरी ओढायचा हातचॉपर. सोलकढीसाठी नारळाच्या दुधाचा डबा. यामुळे हजार वॉटचा इन्व्हर्टर घ्यायची गरजच उरत नाही, आणि तुमच्या यादीतली सर्वांत महाग चूक टळते.

आरओ तर अजिबात नको. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तो दोन-तीन लिटर टाकून देतो, आणि होडीवर प्रत्येक लिटर तुम्ही हातानं चढवलेला असतो. पिण्या-शिजवण्याला माणशी पाच लिटर धरा, दोघांचे चार दिवसांचे चाळीस. वीस लिटरचे दोन जार भागवतात. टाकीतलं पाणी हात-तोंडापुरतं, तेही पायानं चालणाऱ्या पंपानं. विजेचा प्रेशर पंप नळ उघडताच मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो, हाताला सवय घरचीच असते आणि टाकी दुपारीच कोरडी. समुद्रात असताना भांडी आधी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्यात बुडवा. ब्रिटोनाला बोयावर असताना नदीचं पाणी भांड्यांना वापरू नका. त्यात गाळही असतो आणि शहराचं बरंच काही.

पंख्यावर मात्र हात सैल सोडा. टेबल फॅनऐवजी ब्रशलेस मोटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे घ्या, प्रत्येकी ०.३ अँपिअरच्या आसपासचे: एक झोपायच्या जागी, एक शेगडीपाशी. दहा तास दोन्ही चालले तरी सहा अँपिअर-अवर. मार्च-एप्रिलमध्ये नदीत वारा पडलेल्या रात्री फ्रिजपेक्षा याचंच मोल जास्त असतं, हे बिनपंख्याची एक रात्र काढलेला कोणीही सांगेल. जाळी प्लास्टिकची हवी आणि पाती बोटानं थांबवली तरी लागू नयेत इतकी मऊ. छोट्या केबिनमध्ये डोकं नेहमी पंख्याच्या शेजारीच असतं.

काहीही घ्यायच्या आधी टेप घेऊन होडीवर जा आणि केबिनच्या तोंडाची रुंदी मोजा. ३५ लिटरचा फ्रिज साधारण साठ सेंटिमीटर लांब असतो. तो आत गेला तरी शिडीवरून उतरवताना वळवायला जागा लागते. तेवढ्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून आत नेऊन ठेवून बघा, त्याचं झाकण पूर्ण उघडतं का तेही बघा.

मे संपला, आग्वादच्या मुखाशी लाटा फुटायला लागल्या आणि होडी किनाऱ्यावर ओढली, की यातली एकही वस्तू तिच्यावर ठेवू नका. पावसाळ्याचे चार महिने, साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बंद केबिन, एवढं कुठल्याही मोटरला पुरतं. कार्ट्रिज आणि सिलिंडर सगळ्यात आधी उतरवा. पंख्यांच्या आणि फ्रिजच्या प्लगना व्हॅसलिनचा हात लावून घरी न्या. बर्फाची पेटी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून उन्हात वाळवा, आणि झाकणात एक टॉवेल अडकवून ते बोटभर उघडं राहील असं ठेवा. घट्ट बंद केलेल्या पेटीत गणपतीपर्यंत काळी बुरशी धरते आणि रबराच्या पट्टीतून ती पुन्हा निघत नाही.